मधला रविवार

बायको गेल्यापासून लिफ्टवाल्याच्या पायाला भिंगरी लागली होती. घरात त्याचं बूड टेकत नव्हतं. गळत नसलेल्या नळाचा वायसर त्याने बदलला. जेवणाच्या खुर्च्यांचे स्क्रू आवळले, आणि इतके आवळले की एका खुर्चीचा पाय चिरला. सुट्टीच्या दिवशी समोर येईल त्या बसमध्ये चढायचा, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा आणि त्याच बसने परत यायचा. लोक म्हणतात, घर खायला उठतं. त्याला वाटायचं, एकदाचं खाऊन तरी टाकावं; हे नुसतं बघत बसतं.

कामावर मात्र बरं चाललं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी जिनेच असतात, हा त्या धंद्यातला जुना विनोद. आता तो विनोद त्याच्या पथ्यावर पडला होता. चढा, उतरा, पुन्हा चढा. संध्याकाळी पाय भरून आले की तेवढ्यापुरतं डोकं गप्प बसायचं.

चर्चमध्ये सगळ्यात जास्त पंचाईत व्हायची. प्रवचन अर्ध्यावर आलं की तो बाकावरून उठायचा आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. मंडळीचा खजिनदार मोठा फटकळ. तो म्हणायचा, सभासद दोन प्रकारचे असतात, वर्गणी देणारे आणि न देणारे. आमच्याकडे आता तिसरा प्रकार आलाय, उभा सभासद. लिफ्टवाल्याला राग यायचा नाही. खजिनदाराचीही बायको गेलेली होती, फार वर्षांपूर्वी, आणि त्याची जीभ तेव्हापासूनच अशी झाली असं म्हणत.

या मंडळीत एक रीत होती. वर्षातला एकेक रविवार एकेका घराने घ्यायचा. त्या रविवारी वेदीवर कापड घालायचं, शास्त्राचं वाचन करायचं आणि त्यावर चार शब्द बोलायचे. त्याला मनन म्हणायचे. पाळक त्या दिवशी पहिल्या बाकावर बसून ऐकायचे. वेदीवरचं कापड काळाप्रमाणे बदलायचं: वाट पाहण्याच्या आणि उपासाच्या दिवसांत जांभळं, सणाला पांढरं, पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी लाल, आणि उरलेल्या साध्या रविवारी हिरवं. घरांना नावंही त्यावरूनच पडली होती. नाताळचे ते गव्हाणीवाले, झावळ्यांच्या रविवारचे ते झावळीवाले, आणि खजिनदाराचं घर राखवाले, कारण उपासाच्या पहिल्या बुधवारची राख कपाळाला लागायची ती त्याच्या घरून आलेली.

लिफ्टवाल्याच्या घराला मधले म्हणायचे. प्रभू वर गेला आणि आत्मा अजून खाली आला नाही, त्या दोहोंमधला रविवार त्यांचा. तो कोणालाच नको असायचा. ना त्याचं स्वतःचं गाणं, ना गर्दी. पण बायकोने तो मागून घेतला होता. मोठ्या सणाला कोणीही बोलेल, ती म्हणाली होती, या दिवशी बोलण्यासारखं काही नाही, म्हणून मला हवा. दरवर्षी वाचन तो करायचा आणि बोलायची ती. हातात कागद कधी नसायचा. वेदीकडे पाठ करून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, ती शेजारणीशी बोलावं तसं बोलायची, आणि लोक खाकरायचेसुद्धा नाहीत.

आता तो रविवार जवळ येत चालला होता.

बायको गेली तेव्हा वेदीवर हिरवं होतं. सण नाही, उपास नाही, असा साधा आठवडा. मग जांभळं आलं. राखेच्या बुधवारी पाळकांनी कपाळाला अंगठा लावून, तू माती आहेस, असं म्हटलं, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "माहीत आहे." पाळक दचकले नाहीत, फक्त अंगठा जरा जास्त वेळ टेकवून ठेवला. पुढे उत्तम शुक्रवार आला, प्रभूला क्रुसावर दिल्याचा दिवस. ती एकच उपासना त्याने बाकावर बसून पुरी केली. त्या दिवशी कोणी त्याला बरं वाटायला लावत नव्हतं. मग ईस्टरचं पांढरं, ते आत्मा उतरेपर्यंत राहायचं. प्रभू उठला आहे, असं पुढून म्हटलं की खरोखर उठला आहे, असं सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं असतं. त्याने तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. शेजारच्या बाईला वाटलं घसा बसलाय, तिने पर्समधून गोळी काढून दिली. ती चघळत तो दाराशी जाऊन उभा राहिला.

त्यानंतरचे रविवार त्याला जरा सोसले. त्या दिवसांतल्या वाचनांत प्रभू किनाऱ्यावर मासे भाजतो, वाटसरूंबरोबर चालतो आणि ते त्याला ओळखत नाहीत, काही खायला आहे का म्हणून विचारतो. हे त्याला कळायचं. पण स्वर्गारोहणाच्या गुरुवारी त्याचं डोकं पुन्हा फिरलं. आत्ता तर आला होता, आणि लगेच निघाला? शिष्यांनी प्रभूला दोनदा गमवावं? बायकोचंही तसंच झालं होतं. दवाखान्यातून ती घरी आली, बरी दिसायला लागली, स्वतः उठून पडदे धुतले. लोकांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि मग गेली. आधी गेली असती तर एकदाच गेली असती, असं त्याच्या मनात यायचं, आणि मनात आलं म्हणून लाज वाटायची.

मेहुणी एका संध्याकाळी आली ती सरळ मुद्द्यावर. बायकोची धाकटी बहीण, शाळेत शिकवणारी, बोलायला पटाईत. तिने आधी ओट्यावरची भांडी घासली, मग ओल्या हातांनीच म्हणाली, "भाऊजी, यंदाचा रविवार मला द्या. तुमचं काम नाही ते."

"का नाही?"

"तुम्ही घरात तरी चार वाक्यं सलग बोललात का कधी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

रीत अशी की ज्या घरात बोलणारं कोणी उरलं नाही, त्याने रविवार दुसऱ्या घराला द्यायचा. एकदा दिला की तो त्या घराचा. मेहुणी बोलली असती झकास, यात शंका नव्हती. तेच त्याला नको होतं. अंत्यविधीच्या दिवशी बोलणाऱ्यांनी बायकोचा पार देवदूत करून टाकला होता. कोणी म्हणालं, ती चंदनासारखी झिजली. ती झिजली नव्हती. ती चांगली तापट होती, घोरायची, आणि त्याच्या आईशी दोन वर्षं बोलत नव्हती. मेहुणी वेदीपुढे उभी राहून तेच चंदन पुन्हा उगाळणार, लोक डोळे पुसणार, आणि बायकोचा रविवार बायकोच्या श्रद्धांजलीचा रविवार होऊन बसणार. त्याच्यापाशी तिचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं होतं.

तो म्हणाला, बघतो. मेहुणीने भांडी जरा आपटूनच पुसली. परगावी राहणाऱ्या मुलीने फोनवर मावशीचीच बाजू घेतली: बाबा, ओढून ताणून कशाला करता? त्यावर तो तिरीमिरीत म्हणून गेला की मीच बोलणार. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आता माघार नाही.

पाळकांना मात्र आनंद झाला. ते म्हणाले, तुम्हाला काय अवघड आहे? स्वर्गारोहण आणि लिफ्ट! चांगलं जमेल, लोकांना आवडेल. लिफ्टवाल्याने मान डोलावली. मनात म्हणाला, माझी लिफ्ट वर गेली की खाली येते. तुमची आली का?

त्याने पाठ करून पाहिलं. छपरावरच्या मशीनरूममध्ये, मोटारीच्या आवाजात, तो मोठ्याने बोलून बघायचा. प्रिय मंडळी, असं म्हटलं की पुढे काही सुचायचं नाही. बायकोची जुनी मननं आठवायचा प्रयत्न केला. तिचा आवाज आठवला, पदर आठवला, काय म्हणायची ते धड आठवलं नाही. इतकी वर्षं शेजारी उभा होतो आणि ऐकत काय होतो, या विचाराने तो जिने उतरला तो थेट तळमजल्यापर्यंत, आणि हत्यारांची पिशवी वरच राहिली म्हणून पुन्हा चढला.

त्याच आठवड्यात एका कचेरीच्या इमारतीतून बोलावणं आलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक बाई होत्या. त्याने दाराला तोंड लावून विचारलं, एकट्याच आहात ना, पंखा चालू आहे ना. त्या हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी सगळी बटणं दाबली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा दाबली, त्याने काही बिघडलं असेल का?

"काही बिघडत नाही," तो म्हणाला. "अडकलेला प्रत्येक जण सगळी बटणं दाबतो."

"मग आता दाबू नको?"

"दाबायची तर दाबा. लिफ्टला त्याचं काही वाटत नाही."

आतून हसल्याचा आवाज आला. तो निघायला लागला तशा त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, जाऊ नका. त्याने समजावलं की तो दाराशी उभा राहिला तर त्यांना सोबत होईल, पण बाहेर काढता येणार नाही. त्यासाठी त्याला वर मशीनरूममध्येच जायला हवं. तिथे जाऊन त्याने वीज तोडली, ब्रेक हाताने सोडला आणि चाक फिरवत डबा खालच्या मजल्याला आणला. वर जाताना अर्ध्या जिन्यात, आपण बाईंना काय सांगून आलो ते त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि तो जागच्या जागी थबकला होता. मी जातो हे तुमच्या भल्याचं आहे, असं प्रभूने म्हटल्याचं त्याने किती वेळा वाचलं होतं. हे पाळकांना कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. ते म्हणाले असते, बघा, मी सांगत नव्हतो? आणि तेवढ्याने त्याचं समाधानही झालं नव्हतं. बाई बाहेर आल्या होत्या. तो अजून आतच होता.

शनिवारी दुपारी तो वेदीवर कापड घालायला गेला. पाळकीणबाईंनी वेदीमागच्या खोलीची किल्ली दिली आणि म्हणाल्या, धुतलेलं पांढरं वरच्या खणात आहे. त्याने वरचा खण उघडला. पांढरं कापड घडी करून ठेवलेलं होतं. बायकोच्या शवपेटीवर घातलं होतं तेही पांढरंच होतं. ते हे नव्हतं, ते वेगळं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने खण बंद केला. खालचा उघडला. लाल कापड काढलं, झटकलं, वेदीवर पसरलं आणि चारी कोपरे नीट ओढून घेतले. आपण चुकीचं करतोय हे त्याला कळत होतं की नव्हतं, हे त्याला पुढेही कधी धड सांगता आलं नाही. त्याला फक्त तो पांढरा रंग संपायला हवा होता. वाट पाहणं संपायला हवं होतं. पुढचा सण उद्याच यावा आणि हे सगळं मागे पडावं. किल्ली परत देऊन तो बसमध्ये चढला.

रविवारी सकाळी लोक आत येऊ लागले आणि दारातच थबकू लागले. एवढी ठळक चूक या चर्चमध्ये कोणी केली नव्हती. खजिनदाराने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, काय हो, पवित्र आत्मा यंदा एक आठवडा आधीच पोचला का? आम्हाला निरोप नाही आला. दोघंतिघं हसले. मेहुणी हसली नाही. ती तरातरा पुढे आली, वेदीपुढे उभी राहिली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताईच्या दिवशी लाल? एवढंही लक्षात राहिलं नाही तुमच्या? सरका, मी बदलते. आणि बोलायचंही मी बघते."

तिने कोपरा उचललासुद्धा. पाळक शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी मेहुणीकडे पाहिलं, लिफ्टवाल्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, रविवार त्यांचा आहे, त्यांना विचारा.

 बदल, असं म्हणणं लिफ्टवाल्याला सोपं होतं. कापड बदललं असतं, मेहुणी बोलली असती, आणि तो मागच्या दाराशी उभा राहिला असता, नेहमीसारखा. तो म्हणाला, "राहू दे." का राहू दे, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मेहुणीने कोपरा सोडला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली, हाताची घडी घालून.

गाणं झालं. तो वाचायला उभा राहिला. प्रभू वर गेल्यावर शिष्य माडीवरच्या खोलीत जमतात आणि एक मनाने प्रार्थना करत राहतात, इथवर दरवर्षीचं वाचन असायचं. तिथे थांबायचं आणि बायकोने पुढे यायचं. तो तिथे पोचला. पुढे कोणी येणार नव्हतं. थांबलो तर बोलावं लागेल, म्हणून तो पुढे वाचत गेला. त्या मजकुरापर्यंत तो आजवर कधी पोचला नव्हता. एक जण उठतो आणि म्हणतो, ज्याने प्रभूला धरून दिलं त्याची जागा रिकामी आहे, ती भरली पाहिजे. दोन माणसं उभी करतात. चिठ्ठ्या टाकतात. एकाचं नाव निघतं. अध्याय संपला.

त्याने पुस्तक मिटलं. सगळे वाट बघत होते.

"यांना बसवत नव्हतं," तो म्हणाला.

आवाज घोगरा निघाला. मागून कोणीतरी, मोठ्याने, असं म्हटलं. त्याने पुन्हा म्हटलं.

"यांना बसवत नव्हतं. थांबा म्हणून सांगितलं होतं. फक्त थांबा, बाकी काही करू नका. प्रार्थना केली म्हणे. केली असेल. पण माणूस किती वेळ प्रार्थना करणार? यांनी रिकामी जागा भरायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. माणूस निवडला, चिठ्ठ्या टाकल्या, घाई केली. त्या माणसाचं नाव मी आत्ता वाचलं, तुम्ही ऐकलं. पुन्हा कुठे ऐकलंय? मी तरी ऐकलेलं नाही."

पाळक पुढे वाकून ऐकत होते.

"मला वाटायचं, थांबणं म्हणजे शांत बसणं. ते मला जमत नाही, तुम्ही बघताच. म्हणून वाटायचं, हे सगळं आपल्यासाठी नाहीच. पण यांनाही जमलं नव्हतं. आणि यांना कोणी रागावल्याचं इथे लिहिलेलं नाही. पुढच्या रविवारी वारा आला, जाळ आला, तो त्या घाईने निवडलेल्या माणसावरही आला असणार. तोही तिथेच होता. त्याला कोणी म्हणालं नाही, तू बाहेर हो, तू लवकर आलास."

त्याने वेदीकडे पाहिलं.

"हे कापड चुकलंय. पांढरं घालणं माझ्याच्याने झालं नाही. अजून आत्मा आलेला नाही. माझ्याकडे तर नाहीच आला. कधी येईल तेही मला माहीत नाही, आणि येईलच असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्यांना सांगता येतं त्यांनी सांगावं. मी एवढंच म्हणतो, बसवत नसलं तरी खोली सोडू नये. यांनी सोडली नाही. झालं."

आमेन म्हणायचं राहिलंच. ते खजिनदार म्हणाला, एकटाच, आणि मग लगेच नाक शिंकरलं.

उपासना संपल्यावर लिफ्टवाला कापड काढून वेदीमागच्या खोलीत घेऊन गेला. मेहुणी मागोमाग आली. तिने दुसरी दोन टोकं धरली, कारण एवढं मोठं कापड एकट्याने घडी होत नाही. घडी घालताना म्हणाली, "ताईचं नाव एकदाही घेतलं नाहीत."

"घेतलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं."

 त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. बहीण तिचीही गेली होती. घरी येऊन भांडी आपटत होती, कापड ओढत होती, रविवार मागत होती. तीही तिच्या परीने सगळी बटणं दाबत होती. हे आपल्याला आज कळावं याची त्याला शरम वाटली.

"तू काय बोलणार होतीस?" त्याने विचारलं.

"आता काय त्याचं."

"सांग तरी. मी ऐकतो."

ती खणाला टेकून उभी राहिली. घसा साफ केला. शाळेत करते तसा चेहरा करायला गेली, तो जमला नाही. "लोकांना वाटतं," ती म्हणाली, "माझी ताई फार सरळ होती. ती पत्त्यांत लबाडी करायची. लहानपणापासून. एक्का ओढणीखाली लपवायची आणि वर देवाची शपथ घ्यायची." एवढं बोलून तिचा आवाज फाटला.

लिफ्टवाला बघतच राहिला. चंदन कुठेच नव्हतं.

"माझ्याशीही करायची," तो म्हणाला. "उशीखाली ठेवायची."

"दवाखान्यातसुद्धा केली. माझ्याशी. शेवटच्या आठवड्यात."

"कोणता पत्ता?"

"राजा. चादरीत." मेहुणी हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर हात दाबून धरला.

बाहेरून पाळकीणबाईंनी हाक मारली, किल्ली हवी होती, दारं लावायची होती. तो दाराशी गेला, जरा वेळ लागेल, असं त्यांना सांगितलं आणि परत आत आला. मेहुणीने डोळे पुसले होते.

"हं," तो म्हणाला. "पुढचं सांग."